कोकणात ग्रॅव्हल सायकल ट्यूबलेस करताना

कोकणात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटेवरही चालणारी रुंद टायरची सायकल, फिरवायला लागलं की दोन प्रकारची पंक्चरं लवकरच ओळखीची होतात. पहिलं काट्याचं. करवंदीच्या जाळ्या, तोरणीची झुडपं, किनाऱ्यालगत सागरगोटा, शिवाय बागांच्या कुंपणाला लावलेल्या काट्या. हिवाळ्यात कवळ (शेत भाजायला लागणाऱ्या फांद्या) तोडून भारे पाणंदीतून न्यायला लागले की वाटेवर काय काय सांडतं ते बघाच. दुसरं पंक्चर जांभ्याचं. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, वाटेत वर आलेल्या दगडाच्या कडेवर चाक आदळतं, टायर पार रिमपर्यंत दबतो आणि मधे सापडलेली ट्यूब शेजारीशेजारी दोन ठिकाणी चिरते. हे टाळायला हवा जास्त भरावी, तर सायकल दगडावरून नुसती उडते आणि मनगटं भरून येतात.

ट्यूबलेसमध्ये दोन्हींवर उतारा आहे. चिमटायला ट्यूबच नाही, त्यामुळे हवा कमी ठेवता येते. आणि टायरच्या आत खेळणारं सीलंट बारीकसारीक भोकं चालता चालता बुजवतं. वजन थोडं कमी होतं, वेगही कदाचित वाढतो. पण आपल्याकडे त्यासाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही. कमी हवेवर जांभा तुडवता येणं, हीच खरी कमाई.

कोणी या फंदात पडू नये तेही आधीच सांगतो. सायकल महिन्यातून एखाद-दोन वेळा बाहेर निघत असेल आणि तीही डांबरी रस्त्यावर, तर ट्यूबच बरी. सीलंट वापरात असो वा नसो, आत सुकतच राहतं. चाकरमानी असाल, सायकल गावच्या घरी आणि तुम्ही गणपती, शिमगा, मे महिना एवढ्यापुरते येत असाल, तर प्रत्येक खेपेला पहिला दिवस सुकलेलं रबर खरवडण्यात जाईल.

रिम आणि टायर चालतील का?

दोन्हींवर ‘ट्यूबलेस रेडी’, ‘टीएलआर’ किंवा ‘टीआर’ असं काहीतरी लिहिलेलं हवं. बऱ्याच ग्रॅव्हल सायकली दुकानातून ट्यूब घालूनच येतात, पण रिम आणि टायर ट्यूबलेसला चालणारे असतात, तेव्हा खरेदीला निघण्याआधी चाकाकडे नीट बघा. रिम साधी असेल तर जुगाड करू नका. ट्यूबलेसच्या रिमला आतल्या बाजूने टायरची कड बसायला सपाट पट्टी असते आणि मधे खोलगट खाच असते. साध्या रिममध्ये ही रचना टायर घट्ट धरेल अशी नसते, आणि उतारावर कड सुटली तर एका क्षणात सगळी हवा जाते. साधा टायरही नको. त्याची कड ताणली जाते आणि बाजूच्या कापडातून हवा झिरपत राहते.

काही नव्या रिमना टायर अडकवायची आतली आकडी नसते, रिमची कड सरळ असते. अशा रिमवर कंपनीच्या यादीतलाच टायर घालायचा आणि हवा ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर कधीच न्यायची नाही. रिमची मर्यादा वेगळी, टायरची वेगळी; दोन्हींत जी कमी ती पाळायची. हा नियम कॉम्प्रेसरपाशी लागेल.

सामान

ट्यूबलेस टेप, व्हॉल्व्हची जोडी, सीलंट, व्हॉल्व्हचा कोअर (आतला हवा अडवणारा, फिरवून निघणारा भाग) काढायची छोटी चावी, उभा पंप. एवढं मोठ्या शहरातून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. बाकीचं गावात मिळतं: मेडिकलमधून ५० एमएलची सिरिंज, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि घरातलं दाभण.

व्हॉल्व्ह पितळेचे घ्या. रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे दिसायला छान असतात, पण खाऱ्या हवेत त्यांची चकती आट्यांवर धरून बसते आणि नेमकी अडचणीच्या वेळी सुटत नाही. लांबी रिमच्या खोलीवर ठरते. रिमच्या बाहेर निदान दोन बोटं व्हॉल्व्ह दिसायला हवा, नाहीतर पंपाचं तोंड पकड घेत नाही.

मोटारसायकलचं सीलंट स्वस्त पडतं म्हणून ओतू नका. ते दाट असतं, सायकलच्या पातळ टायरात नीट पसरत नाही.

टेप: इथे घाई नको

तारांच्या चाकाच्या बुलेटला ट्यूब लागते आणि अलॉयवाल्या गाडीला लागत नाही, हे कुठलाही पंक्चरवाला सांगेल. कारण सोपं आहे. अलॉय चाकाला भोकं नसतात, तारांच्या चाकाला असतात. सायकलच्या रिमलाही तारांची चोवीस ते बत्तीस भोकं असतात, आणि त्या सगळ्यांतून हवा अडवणारी वस्तू एकच, ती पातळ टेप. ट्यूबलेस जमत नाही म्हणून कंटाळून पुन्हा ट्यूबकडे वळलेल्यांची चाकं उघडून पाहिली तर बहुतेक वेळा टेपच उचललेली सापडते. कोकणच्या दमट हवेत तर जास्तच.

म्हणून आधी मुहूर्त. आषाढ-श्रावणात हे काम काढू नका. रिमच्या पोकळीत पाणी शिरलेलं असतं आणि ते टेपखाली ओल धरतं. दसरा-दिवाळीच्या आसपासचे कोरडे दिवस उत्तम. पावसात करावंच लागलं तर चाक व्हॉल्व्हचं भोक खाली करून रात्रभर टांगून ठेवा, आतलं पाणी निथळू द्या, मग ऊन पडेल त्या दिवशी खळ्यात वाळवा.

टायर, ट्यूब काढा. रिमवर कापडी किंवा रबरी पट्टी असेल तर तीही काढा; ती ट्यूबसाठी असते, हवा अडवत नाही. आधीच ट्यूबलेस टेप असेल तर कडा उचलल्या आहेत का, कुठे सुरकुती आहे का, बघा. शंका आली तर उपटून नवी लावा. मग कोरड्या फडक्याने रिम पुसा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरिन असतं. पुसून झाल्यावर रिमला आतून बोट लावायचं नाही. बोटाचं तेलसुद्धा टेपला पुरतं.

टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त हवी. रिम आतून २३ मिमी असेल तर २५ किंवा २६ मिमीची टेप. तारांची भोकं झाकली म्हणजे झालं असं नाही. टेप दोन्ही बाजूंना टायरची कड बसते त्या पट्टीवर चढली पाहिजे, म्हणजे टायरच तिला दाबून ठेवतो. वायरमनची काळी टेप किंवा खोक्यांना लावायची खाकी टेप घेऊ नका. पहिली उन्हाने पाघळते, दुसरी सीलंटने सुटते.

व्हॉल्व्हच्या भोकाच्या चार बोटं अलीकडून सुरुवात करा. चाक मांडीवर किंवा स्टँडवर धरा, टेप चांगली ताणून धरा आणि वीतभर वीतभर पुढे नेत जा. ताण कमी पडला तर मधल्या खाचेत टेप पोकळ राहते आणि हवा भरल्यावर तिथेच फाटते. पूर्ण फेरी मारून व्हॉल्व्हचं भोक ओलांडून आणखी चार बोटं पुढे जा, म्हणजे भोकापाशी दोन थर येतात. टेप फारच पातळ असेल तर दुसरी फेरी मारा, पण तिसरी नको. थर वाढले की टायर चढवताना हाताची सालटी निघतात. मग कोरडं फडकं अंगठ्यावर गुंडाळून मधल्या खाचेपासून कडांकडे टेप दाबत या. बुडबुडा दिसला तर कडेकडे सरकवून बाहेर काढा.

व्हॉल्व्हचं भोक आताच पाडायचं, नाहीतर पुढची युक्ती करता येत नाही. दाभण गॅसवर तापवा आणि भोकाच्या बरोबर मधोमध टेपला टेकवा. टेप वितळून गोल भोक पडतं. चाकूने फुली मारली तर चीर पुढे पुढे धावते. कार्बनची रिम असेल तर तापलेलं दाभण रिमला लागू देऊ नका.

युक्ती अशी: जुनी ट्यूब घालून टायर चढवा, ४० पीएसआयच्या आसपास हवा भरा आणि चाक रात्रभर तसंच ठेवा. ट्यूब टेपला सगळीकडून सारखी दाबते आणि गोंद रिमला धरतो. सकाळी हवा सोडून टायरची एकच बाजू उचला आणि ट्यूब ओढून काढा. दुसरी बाजू रिमवर बसलेलीच राहते, म्हणजे पुढच्या झटापटीतली अर्धी उरली.

व्हॉल्व्ह आतून घाला, त्याचा रबरी बूड टेपवर नीट टेकला आहे हे बघा, बाहेरून चकती बोटांनी आवळा. पक्कड लावायची नाही. पक्कड लावून आवळलेली चकती रस्त्यात बोटांनी सुटणार नाही.

टायर बसवणं आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर

टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघून घ्या. उघडी बाजू चढवताना व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा आणि चढलेली कड सतत मधल्या खाचेत ढकलत राहा. तिथे घेर कमी असल्याने टायरला ढील मिळते. लोखंडी पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून टेप फाडू नका. हात थकले तर प्लॅस्टिकचा लिव्हर, तोही वरवर धरून. दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा. खोबरेल तेल हाताशी असलं तरी ते नाही.

आता कोअर काढा आणि उभ्या पंपाने जोरजोरात, न थांबता हवा मारा. हवा गळण्यापेक्षा वेगाने आत गेली की कडा बाहेर सरकतात आणि ‘टक्, टक्’ असे मोठे आवाज करत रिमच्या पट्टीवर बसतात. पहिल्यांदा ऐकताना टायर फुटला असं वाटतं. तो आवाज यायलाच हवा.

पंपाने नाही जमलं तर नाक्यावर जा. तिथला पंक्चरवाला हातात चाक घेऊन उलटसुलट बघेल आणि ‘ह्यात ट्यूबच नाय?’ असं विचारेलच. त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हसाठी असतं. आपला व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा म्हणतात तो. त्यासाठी पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो. दोन घ्या, एक हरवतोच. हा अ‍ॅडॉप्टर कोअरच्याच आट्यांवर बसतो, तेव्हा कोअर जागेवर हवा आणि त्याची टोकाची बारीक नट सैल केलेली हवी. अ‍ॅडॉप्टर काढताना त्याच्यासोबत कोअरही फिरून येतो कधीकधी, म्हणून आधी कोअर चावीने आवळून घ्या.

एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगा: ‘दादा, मी थांब म्हटलं की थांबायचं.’ ट्रकच्या टायरांना हवा भरणारा हात आहे. सायकलच्या टायरात हवा भरायला दोन-तीन सेकंद पुरतात. दर सेकंद-दोन सेकंदांनी थांबून मीटर लावा. टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या मर्यादेच्या पुढे, नुसती कड बसवण्यासाठीसुद्धा, जायचं नाही. कड बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. यूट्यूबवर शीतपेयाच्या बाटलीची टाकी करून हवा मारणारे लोक दिसतात. ती बाटली हातात फुटते. नको.

कड बसली की नाही हे ओळखायला टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. एखाद्या जागी आत बुडालेली दिसली तर तिथे अजून कड बसायची आहे.

सीलंट

सीलंट म्हणजे पातळ केलेला रबराचा चीक आणि त्यात तरंगणारे बारीक कण. भोकातून हवा सुटते तेव्हा ती हे सगळं बरोबर ओढते, कण भोकात अडकतात आणि चीक त्यांच्याभोवती धरतो. फणस चिरलेल्या कोणालाही तो कसा धरतो हे समजावून सांगायला नको. अंगावर चांगले कपडे नकोत, एकदा वाळलं की डाग जात नाही.

बाटली उलटीसुलटी करून मिनिटभर हलवा. कण तळाला बसलेले असतात. न हलवता ओतलं तर टायरात नुसतं पाणी जातं. कड बसलेल्या चाकाची हवा सोडा, कोअर काढा. व्हॉल्व्ह अगदी खाली ठेवू नका, घड्याळाच्या चार किंवा आठच्या जागी आणा आणि सिरिंजने सीलंट सोडा. ७०० बाय ४० मापाच्या (४० मिमी रुंद) टायरला एरवी ६० ते ८० एमएल पुरतं, पण नवा कोरडा टायर स्वतःच थोडं पितो. पहिल्या वेळी मी ९०-१०० एमएल घालायला सांगेन. कोअर लावा, हवा भरा.

मग चाक फिरवा, आडवं धरून परात हलवावी तसं हलवा, दोन्ही बाजूंनी. टायरच्या बाजूवर पांढरे थेंब दिसले तर घाबरू नका, ते आपोआप बंद होतात. चाक बादलीवर आडवं ठेवा, अर्ध्या तासाने पलटा. आणि लगेच वीस-पंचवीस मिनिटं सायकल चालवून या. नुसतं भिंतीला टेकवून ठेवलं तर सीलंट एकाच जागी साचून राहतं.

पहिले दोन-चार दिवस सकाळी हवा थोडी कमी झालेली मिळेल. रोज टायर पार सपाट होत असेल तर साबणाचा फेस लावून गळती शोधा. फेस तारांच्या निपलांमधून (तार रिमला धरणाऱ्या छोट्या नटांमधून) किंवा रिमच्या सांध्यातून आला तर टेप गेली, पुन्हा लावा, सीलंट ओतत बसून ती सुधारत नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी आला तर चकती बोटांनी थोडी आवळा. कडेपाशी आला तर बहुधा दोन दिवसांत थांबेल.

हवा किती?

अंगठ्याने दाबून बघायची सवय सोडा, डिजिटल मीटर घ्या. ७० किलोच्या आसपासचा चालक आणि ४० मिमीचा टायर धरला तर डांबरावर पुढे ३५, मागे ३८ पीएसआयपासून सुरुवात करा. सड्यावर, जांभ्याच्या खडबडीत वाटेवर पुढे २८, मागे ३१. सायकलवर पिशव्या लादून रेवस-रेड्डी सागरी मार्गावर निघाला असाल तर मागे तीन-चार पीएसआय वाढवा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला किंवा वळणावर टायर बाजूला सरकतोय असं वाटलं तर हवा कमी आहे. जांभ्यावर कमी हवा चालते म्हणून पाखाडीच्या पायऱ्या मात्र बसून उतरू नका. त्या धारेवर रिमच वाकते.

नंतरची देखभाल

बाटलीवर सीलंट इतके महिने टिकतं असं लिहिलेलं असतं, ते थंड देशाचं समजा. इथे दोन-अडीच महिन्यांनी बघायचं, मार्च ते मे दर दीड महिन्याने. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत राहत असेल तर त्याहून लवकर. बघायचं कसं? व्हॉल्व्ह खाली आणा, पाच मिनिटं थांबा, मग तो खालीच थोडा बाजूला ठेवून हवा सोडा, कोअर काढा आणि खराट्याचा एक हीर आत घाला. टोक ओलं निघालं तर आहे, कोरडं निघालं तर ३०-४० एमएल वाढवा. हवा भरताना मात्र व्हॉल्व्ह नेहमी वरच्या बाजूला, नाहीतर सीलंट कोअरमध्ये शिरून तो तुंबतो. जादा कोअर जवळ असू द्या.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, टायर पूर्ण उघडा. सुकलेला चीक सोलून काढा, आतून काटे उपटा, टेपच्या कडा बघा.

ओहोटीला गुहागर किंवा हर्णैच्या घट्ट वाळूवर सायकल घातली असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाक धुवा. व्हॉल्व्हची चकती, निपल यांच्याभोवती मीठ राहिलं की पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसायला लागतं. तोवर धातू खाल्ला गेलेला असतो. पाण्याची जोराची धार मात्र निपलांवर मारू नका, रिमच्या पोकळीत पाणी जातं.

वाटेत पंक्चर झालं तर

काटा दिसतोय पण हवा जात नाही? राहू द्या, घरी काढा. हवा जात असेल तर काटा काढा, भोक खाली येईल असं चाक धरा आणि थांबा. तीन-चार मिलिमीटरपर्यंतचं भोक सहसा बुजतं. मोठं असेल तर प्लग, म्हणजे चिकट रबरी वात, दाभणासारख्या अवजाराने भोकात खुपसायची आणि बाहेरचं टोक थोडं ठेवून कापायचं. पंक्चरवाल्याकडची मोटारसायकलची वात सायकलच्या टायरला फार जाड पडते. सायकलच्याच बारीक वाती जवळ ठेवा. गॅसच्या छोट्या नळकांड्याने हवा भरता येते, पण त्यातला कार्बन डायऑक्साइड काही सीलंट गोठवतो. निकडीलाच वापरा आणि घरी आल्यावर सीलंट तपासा.

बाजू चिरली असेल तर आतून दुधाच्या पिशवीची चार पदरी घडी लावून ट्यूब घाला. होय, ट्यूब सोबत हवीच. तवसाळला शेवटची फेरीबोट गाठून खाडीपलीकडे जयगडला उतरलात आणि अंधारात टायर गेला, तर सीलंटची बाटली कामाची नाही.

ट्यूब घालण्याआधी व्हॉल्व्हची चकती सोडवून व्हॉल्व्ह काढा, मग टायरच्या आतून पूर्ण फेरी हात फिरवा, सावकाश, फडकं गुंडाळून. गेल्या काही महिन्यांत सीलंटने गपचूप बुजवलेले सगळे काटे आतल्या बाजूने टोकं काढून बसलेले असतात. त्यातला एक जरी राहिला तरी नवी ट्यूब पुढच्या वळणापर्यंत जात नाही.